बर्न्स गेला, येलिच उठला : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

बेसबॉलवरची या वेळची पत्रं एकाच संघाभोवती फिरताहेत, तो म्हणजे मिलवॉकी ब्रुअर्स. एकीकडे हातचा गेलेला पिचर (चेंडू टाकणारा) कॉर्बिन बर्न्स, दुसरीकडे संपला संपला म्हणता म्हणता पुन्हा चेंडू कुंपणापार धाडणारा ख्रिश्चन येलिच. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : बर्न्स हा साय यंग पुरस्कार (लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा) जिंकलेला पिचर. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रुअर्सनी तो बाल्टिमोर ओरिओल्सला देऊन टाकला, तेही दोन नवख्या खेळाडूंच्या बदल्यात. हा उघड तोट्याचा सौदा नव्हता का?

नव्हता. बर्न्स किती मोठा पिचर आहे एवढंच पाहिलं तर तोटा दिसतो. पण तो संघाच्या हातात आणखी किती दिवस राहणार होता, तेही पाहायला हवं.

नियम असा. मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या) यादीत १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात. अशी सहा वर्षं झाली की खेळाडू फ्री एजंट होतो, कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा. बर्न्सची सहा वर्षं २०२४च्या हंगामाअखेर भरणार होती. म्हणजे ब्रुअर्सच्या हातात त्याचा फक्त एक हंगाम शिल्लक होता, आणि त्या हंगामाचा पगार होता १ कोटी ५६ लाख ३७ हजार डॉलर.

आता पर्याय मोजू. पहिला, लांबचा करार. पुढे ॲरिझोना डायमंडबॅक्सनी त्याला सहा वर्षांसाठी २१ कोटी डॉलर दिले, म्हणजे वर्षाला सरासरी साडेतीन कोटी. लीगमधल्या सर्वांत लहान टीव्ही बाजारपेठेतल्या संघाला हे झेपणारं नव्हतं. दुसरा, हंगामभर ठेवायचा आणि मग जाऊ द्यायचा. संघाने ठरावीक रकमेचा एक वर्षाचा प्रस्ताव द्यायचा (त्या वर्षी ती रक्कम २ कोटी १० लाख ५० हजार होती), खेळाडूने तो नाकारून दुसरीकडे पाच कोटींच्या वरचा करार केला, की लहान बाजारपेठेतल्या संघाला भरपाई म्हणून पहिल्या फेरीनंतरचा एक ड्राफ्ट पिक (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत एक खेळाडू घेण्याचा हक्क) मिळतो. ओरिओल्सना नेमकं हेच मिळालं.

तिसरा पर्याय ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल. त्यात ब्रुअर्सना इन्फिल्डर (बेसजवळचा क्षेत्ररक्षक) जोई ऑर्टिझ, डावखुरा पिचर डी. एल. हॉल आणि २०२४च्या ड्राफ्टमधला ३४वा पिक मिळाला. म्हणजे वाट बघून जो पिक मिळाला असता तसाच पिक वर्षभर आधी पदरात पडला, वर दोन तरुण खेळाडू. दोघांवर संघाचा हक्क बरीच वर्षं राहणार आणि पगार जवळपास किमान वेतनाइतका, जो २०२४ मध्ये ७ लाख ४० हजार डॉलर होता.

मिळालेला माल अव्वल निघाला असं मात्र नाही. ऑर्टिझने २०२४ मध्ये थर्ड बेस चांगला सांभाळला, विली अडामेस जायंट्सकडे गेल्यावर तो शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या जागी) आला, पण २०२५ मध्ये त्याच्या बॅटने निराशाच केली. हॉलचा २०२४चा मोठा भाग गुडघ्याच्या दुखापतीने खाल्ला. तरीही बर्न्सविना संघाने २०२४ मध्ये ९३ आणि २०२५ मध्ये ९७ सामने जिंकले, आणि ९७ हा त्या वर्षीचा सगळ्या लीगमधला सर्वोत्तम आकडा होता.

प्रश्न : नियमित हंगाम ठीक. पण ऑक्टोबरमध्ये, प्लेऑफच्या म्हणजे बाद फेरीच्या सामन्यांत, एक खंदा पिचर लागतोच. बर्न्स असता तर २०२४ची मेट्सविरुद्धची मालिका हातची गेली असती का?

त्या मालिकेचा निर्णायक तिसरा सामना आठवा, ३ ऑक्टोबरचा. सुरुवातीला आलेल्या टोबायस मायर्सने (सामन्याच्या नऊपैकी) पाच इनिंग एकही रन दिला नाही. नवव्या इनिंगला ब्रुअर्स २-० पुढे होते. मेट्सच्या पीट अलॉन्सोने तीन रनांचा होमरन (कुंपणापार फटका) मारला तो क्लोझर, म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा पिचर, डेव्हिन विल्यम्सला, आणि सामना ४-२ असा गेला. सुरुवातीच्या पिचरचं काम तोवर चोख झालं होतं. बर्न्सने मायर्सपेक्षा आणखी काय केलं असतं? फार तर दोन इनिंग जास्त टाकल्या असत्या. नववी इनिंग तेव्हाही विल्यम्सचीच होती.

त्याच आठवड्यात खुद्द बर्न्सने कॅन्सस सिटी रॉयल्सविरुद्ध आठ इनिंगमध्ये एकच रन दिला आणि ओरिओल्स ०-१ने हरले. पिचर फक्त रन अडवतो, करून देत नाही. २०२५च्या नॅशनल लीग (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) अंतिम मालिकेत डॉजर्सनी ब्रुअर्सना चारही सामन्यांत लोळवलं, त्या चार सामन्यांत ब्रुअर्सचे रन किती? प्रत्येकी एक. एकूण चार. अशा बॅटिंगमागे कुणाला उभं केलं असतं तरी हात हलवत परतावं लागलं असतं.

प्रश्न : २०२३ मध्ये संघ आणि बर्न्स यांच्यात पगारावरून बिनसलं असं वाचलं. नेमकं काय झालं?

तीन ते सहा वर्षं सेवा झालेल्या खेळाडूचा पगार संघाशी ठरला नाही, तर प्रकरण तीन लवादांपुढे जातं. खेळाडू एक आकडा देतो, संघ दुसरा देतो, आणि लवादांना त्यांतला एकच उचलावा लागतो. मधला आकडा काढायची सोय नाही. बर्न्सने मागितले १ कोटी ७ लाख ५० हजार, संघाचा आकडा होता १ कोटी १० हजार. संघ जिंकला. फरक ७ लाख ४० हजारांचा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या एका नवख्या खेळाडूच्या किमान पगाराएवढा. योगायोग आहे, पण झोंबणारा.

या पद्धतीत खोट अशी की आपला आकडा खरा ठरवायला संघाच्या वकिलांना खेळाडूचे दोष त्याच्याच समोर वाचून दाखवावे लागतात. बर्न्सने नंतर नाराजी लपवली नाही, आधीच्या हंगामातल्या संघाच्या अपयशाचं खापर सुनावणीत आपल्या डोक्यावर फुटलं हे त्याने उघड बोलून दाखवलं. आमच्या मते एवढ्या रकमेसाठी सुनावणीपर्यंत जाणं हा संघाचा कद्रूपणा होता. ट्रेड मात्र त्यामुळे झाला असं समजू नका. वरचं गणित दोघांत गळ्यात गळे असते तरी तेच राहिलं असतं.

प्रश्न : बर्न्सचा ‘कटर’ म्हणजे काय? टीव्हीवर तो कसा ओळखायचा?

क्रिकेटमधल्या लेगकटरची आठवण ठेवा, पण टप्पा विसरा. इथे चेंडू हवेतच वळतो, आणि तोही अगदी शेवटी.

पकड साध्या फास्टबॉलसारखीच असते. पहिलं आणि मधलं बोट शिवणीवर आडवं, अंगठा खाली. फरक इतकाच की दोन्ही बोटं चेंडूच्या मधोमध न ठेवता किंचित बाहेरच्या बाजूला सरकवतात आणि सोडताना दाब मधल्या बोटावर देतात. मनगट चेंडूच्या मागेच राहायला हवं. नवखे पिचर इथेच चुकतात. वळण यावं म्हणून ते मनगट फिरवतात, मग वेग पडतो, चेंडूचा सुमार स्लायडर (कटरपेक्षा संथ, जास्त वळणारा चेंडू) होतो आणि बॅटरला तो लवकर कळतो. दुसरी चूक म्हणजे दाब कमी पडणं. मग चेंडू वळतच नाही, प्लेटच्या (बॅटरसमोरच्या बेसच्या) मधोमध सरळ येतो आणि तिथून थेट प्रेक्षकांत जातो.

बर्न्स उजव्या हाताचा. त्याचा कटर उजव्या बॅटरपासून दूर सरकतो आणि डावखुऱ्याच्या हातांवर येतो. वळण काही इंचांचंच, पण बॅट सर्वांत जाड असते तिथे तिचा व्यास २.६१ इंचांपेक्षा जास्त चालत नाही, आणि नेमका मार बसणारी जागा त्याहून लहान. चेंडू तेवढा सरकला की डावखुऱ्याच्या बॅटच्या मुठीजवळ लागतो आणि उजव्याच्या टोकाला. दोन्हीकडे हात झिणझिणतात आणि चेंडू घरंगळतो. त्यात बर्न्सचा कटर ताशी ९५ मैलांच्या, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटरच्या घरात. पिचरच्या पट्टीपासून प्लेटपर्यंतचं अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे चेंडू पोचायला अर्धा सेकंदही लागत नाही.

टीव्हीवर पाहताना कॅचरचा (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याचा) हातमोजा बघा. फास्टबॉलला तो जागेवर राहतो. कटरला चेंडू हातात येण्याच्या क्षणी तो पडद्यावर डावीकडे झटका खातो (कॅमेरा पिचरच्या मागे असतो).

या एका चेंडूने बर्न्सची कारकीर्द फिरली. २०१९ मध्ये तो सरळ जाणाऱ्या फास्टबॉलवर विसंबून होता आणि ४९ इनिंगमध्ये १७ होमरन खाल्ले. तो फास्टबॉल त्याने जवळपास टाकूनच दिला, कटर मुख्य केला, जोडीला सिंकर (शेवटी खाली बुडणारा चेंडू) ठेवला. दोन वर्षांत, २०२१ला, साय यंग. त्या हंगामात पहिला वॉक (चार वाईट चेंडूंवर बॅटरला मिळणारा फुकटचा बेस) देण्याआधी त्याने ५८ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं. हंगामाच्या सुरुवातीला असं इतकं कुणीच केलेलं नव्हतं.

प्रश्न : ईआरए कसा काढतात? आणि १९३.२ इनिंग हा काय प्रकार?

ईआरए म्हणजे पिचर नऊ इनिंगमागे सरासरी किती रन देतो ते, कमी तितका चांगला. पिचरच्या खात्यावरचे रन (क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेले वगळून) गुणिले ९, भागिले इनिंग. बर्न्स २०२१ : ४५ रन, १६७ इनिंग, ईआरए २.४३. बर्न्स २०१९ : ४८ रन, ४९ इनिंग, ईआरए ८.८२. एकच माणूस!

१९३.२ मधला २ हा दशांश नव्हे. एका इनिंगला तीन बाद, त्यामुळे .१ म्हणजे एक तृतीयांश आणि .२ म्हणजे दोन तृतीयांश. कॅल्क्युलेटरवर १९३.६६७ टाका, नाहीतर उत्तर चुकेल. क्रिकेटच्या षटकांत ४.३ म्हणजे साडेचार, तसंच हे.

प्रश्न : येलिच खरंच परतलाय का? २०२४ मध्ये बॅटिंगची सरासरी (दर संधीमागे यशस्वी फटक्यांचं प्रमाण) ०.३१५ होती, २०२५ मध्ये ०.२६४ वर आली. ही तर घसरण झाली!

सरासरी बघाल तर घसरण. पण पूर्ण आलेख समोर ठेवा. २०१८ला ०.३२६ आणि ३६ होमरन, एमव्हीपी (लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार). २०१९ला ०.३२९ आणि १३० सामन्यांत ४४ होमरन. १० सप्टेंबर २०१९ला मायामीत स्वतःच्याच बॅटचा फाउल चेंडू उजव्या गुडघ्यावर बसला, वाटी फुटली, हंगाम संपला. २०२० : ०.२०५. २०२१ : ०.२४८ आणि ११७ सामन्यांत अवघे ९ होमरन. २०२२ : १४ होमरन. २०२३ : ०.२७८, १९ होमरन, वर २८ बेस चोरले. २०२४ : ०.३१५, पण ७३ सामने आणि ११ होमरन, मग ऑगस्टमध्ये पाठीची शस्त्रक्रिया. २०२५ : १५० सामने, २९ होमरन, १०३ आरबीआय (त्याच्या बॅटिंगमुळे संघाला मिळालेले रन).

पडत्या काळात त्याचं बिघडलं होतं ते नजरेचं नव्हे. २०२१ मध्येही तो ३६ टक्के वेळा बेसवर पोचत होता, वाईट चेंडू सोडत होता, वॉक घेत होता. गेली होती ती चेंडू उचलण्याची ताकद. चेंडू बॅटवरून ताशी १०५ मैलांनी निघाला पण कोन ५ अंशांचा असला, तर तो इन्फिल्डरच्या हातात जातो किंवा फार तर सिंगल (एकाच बेसचा फटका) मिळतो. त्याच वेगाला २८ अंशांचा कोन मिळाला की होमरन. ढोबळ हिशेब असा : १० अंशांखाली ग्राउंडबॉल, १० ते २५ लाइन ड्राइव्ह, २५ ते ५० फ्लायबॉल, त्यावर नुसताच उंच उडालेला झेल. येलिच जोरात मारत होता, पण जमिनीत मारत होता.

असं का होतं? एक कारण म्हणजे चेंडू फार उशिरा, शरीराच्या जवळ येऊ देऊन मारणं. दुसरं, बॅट चेंडूच्या वरच्या अर्ध्यावर बसणं. तिसरं पुढच्या पायाचं. स्विंग सुरू झाला की पुढचा पाय ताठ रोवून शरीराची पुढची चाल थांबवावी लागते, तेव्हा कुठे ती ताकद कमरेच्या फिरकीत जाते. येलिच डावखुरा, म्हणजे त्याचा पुढचा पाय उजवा, तोच गुडघा फुटलेला. त्यात पाठ दुखरी. पण सगळा दोष गुडघ्यावर ढकलू नका. एमव्हीपी असतानाही तो जमिनीवर भरपूर मारायचा. शिवाय २०१९ हे वर्षच होमरनचा पूर आलेलं. त्या हंगामात मेजर लीगमध्ये ६,७७६ होमरन पडले, तो उच्चांक आहे. ४४चा आकडा वाचताना हे डोक्यात असू द्या.

२०२३ पासून नियमाचीही थोडी साथ मिळाली. दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इन्फिल्डर हवेतच, आणि त्यांचे पाय इन्फिल्डच्या मातीच्या बाहेरच्या कडेच्या आतच हवेत असं ठरलं. डावखुऱ्यांनी उजवीकडे जमिनीवर मारलेले चेंडू अडवायला तिकडे तिघांची भिंत उभी राहायची, ती गेली.

आता तुमचा प्रश्न. ओपीएस (बेसवर पोचण्याचं प्रमाण अधिक फटक्यांची ताकद) २०१९ला १.१००, २०२४ला ०.९१०, २०२५ला ०.७९५. तेव्हा २०१९चा येलिच परतला असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं. आमचं मत असं की तरीही २०२५ हेच खरं पुनरागमन. २०२४चे ७३ सामने चमकदार होते, पण अर्ध्या हंगामाची सरासरी नशिबाच्या दोन-चार आठवड्यांनी फुगते. मज्जातंतूवर दाबणारा मणक्यातल्या चकतीचा तुकडा काढून टाकल्यावर त्याच पाठीने १५० सामने फिरून २९ वेळा चेंडू कुंपणापार जाणं, हे नशिबाने होत नाही. मे महिन्यापर्यंत सरासरी ०.२००च्या आसपास लोळत होती. २७ मे रोजी रेड सॉक्सविरुद्ध दहाव्या इनिंगमध्ये त्याने बेसेस भरलेल्या असताना होमरन मारून सामना संपवला, आणि तिथून हंगामाचा रंगच बदलला. संघानेही त्याला बहुतेक वेळ डीएच म्हणून, म्हणजे फक्त बॅटिंगला खेळवून पाठ जपली.

प्रश्न : नव्या हंगामात एखादा बॅटर खरोखर सुधारलाय की नुसता फॉर्मात आहे, हे लवकरात लवकर कसं ओळखायचं?

सरासरीकडे महिनाभर ढुंकूनही बघू नका. ती स्थिरावायला एक हंगामही अपुरा पडतो. स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण ६० वेळा प्लेटवर आल्यावर भरवशाचं होतं, वॉकचं १२० वेळांनंतर, होमरनचं १७०च्या आसपास. रोज खेळणारा बॅटर दिवसाला सुमारे चार वेळा येतो, म्हणजे पहिला आकडा दोन आठवड्यांत हाती येतो.

त्याशिवाय दोनच गोष्टी बघा. ताशी ९५ मैलांवर मारलेल्या चेंडूंचा वाटा, आणि ग्राउंडबॉलचा वाटा. पहिला वाढला पण दुसराही वाढला, तर आनंद आवरा. येलिचचे पडते हंगाम असेच होते. जोर दिसायचा, होमरन दिसायचे नाहीत.

प्रश्न : येलिचला २१.५ कोटी डॉलर आणि बर्न्सला नारळ. उलटं करायला हवं होतं ना?

येलिचचा करार मार्च २०२० मधला, २०२८ पर्यंतचा. २०२२ पासून वर्षाला २ कोटी ६० लाख. तेव्हा तो लागोपाठ दोन वेळा नॅशनल लीगचा बॅटिंग विजेता होता, आणि बर्न्स ८.८२ ईआरएवाला. पुढे येलिच ढेपाळला तेव्हा एवढा करार उचलायला कुठला संघ पुढे येणार? आणि बर्न्स चमकला तेव्हा त्याच्यासाठी रांग लागली. संघ विकू शकतो ते ज्याला गिऱ्हाईक आहे तेच. येलिचवर विश्वास होता म्हणून तो राहिला हे म्हणणं गोड आहे, पण कागदाने बांधलेला होता हे जास्त खरं.

बर्न्सचंही पाहा. ॲरिझोनात ११ सामने, ईआरए २.६६, आणि जून २०२५ मध्ये कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध बदलतात, परतायला साधारण १२ ते १८ महिने. पिचरशी लांबचा करार करताना हा धोका किमतीत धरावाच लागतो.

प्रश्न : स्टार विकायची ही या संघाची सवयच आहे का?

आहे. आणि ती कधी अंगाशी येते तेही बघा. १ ऑगस्ट २०२२ला, आपल्या विभागात आघाडीवर असताना, त्यांनी क्लोझर जॉश हेडर पाड्रेसना दिला. हंगाम ८६ विजयांवर संपला आणि एका विजयाने प्लेऑफ हुकला. पण हेडरच्या बदल्यात आलेल्यांपैकी एस्तेउरी रुईझ याला त्याच डिसेंबरात तीन संघांच्या ट्रेडमध्ये घालून त्यांनी कॅचर विल्यम कॉन्ट्रेरास मिळवला, जो २०२४ला ऑलस्टार सामन्यात नॅशनल लीगचा सुरुवातीचा कॅचर होता. ट्रेडचा हिशेब पहिल्या हातावर संपत नाही. ३४व्या पिकवर घेतलेला ब्लेक बर्क आणि ऑर्टिझ-हॉल पुढे कुणाच्या बदल्यात जातात, तेही बर्न्सच्याच खात्यावर मांडायचं.

प्रश्न : स्कोअरकार्डवर काही ठिकाणी ‘के’ हे अक्षर उलटं काढलेलं असतं. छपाईची चूक का?

नाही. सरळ ‘के’ म्हणजे बॅटर बॅट फिरवून चुकला. उलटा ‘के’ म्हणजे तिसरा स्ट्राइक तो नुसता बघत राहिला. ११ ऑगस्ट २०२१ला बर्न्सने शिकागो कब्जच्या सलग दहा बॅटरना स्ट्राइकआउट करून विक्रमाशी बरोबरी केली. त्या सामन्याचं स्कोअरकार्ड मिळालं तर दहाच्या दहा रकाने पाहा. सरळ ‘के’ किती आणि उलटे किती हे मोजलं की बॅटर कटरला फसून चुकत होते की चेंडू कुठे जातोय तेच त्यांना कळत नव्हतं, याचा अंदाज येतो.